कानातलं मशीन

आमच्या घरात चांगली बातमी मराठीत सांगतात, वाईट इंग्रजीत. सासऱ्यांनी कारखान्यात लेथच्या आवाजात कान घालवून आयुष्यभर जमवलेला फंड नवऱ्याने शेअरबाजारात उडवला, आणि दुपारभर साहेब आरशासमोर शब्द निवडत बसले. ‘लॉस’ म्हणे फार उघडानागडा, ‘सेटबॅक’ आजारपणासारखा. “‘करेक्शन’ कसं वाटतं गं?” “छान. म्हणजे चूक बाजाराचीच होती,” मी म्हटलं. टोमणा कळण्याइतकी अक्कल असती तर पैसे कशाला बुडाले असते? इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी बाहेरच्या खोलीत गेली. “बाबा, आपल्या फंडात छोटंसं करेक्शन आलंय.” “म्हणजे?” “म्हणजे… करेक्शन.” “उरलंय किती?” यावर मात्र साहेब नवा इंग्रजी शब्द शोधत आतल्या आरशाकडे बघू लागले. सासऱ्यांनी शांतपणे कानातलं मशीन काढलं, बनियनला पुसलं आणि लेकाच्या तळहातावर ठेवलं. “घे, हेही लाव बाजारात,” ते मोठ्याने म्हणाले. “आता तुझं ऐकायचं काही उरलेलं नाही.”