मंगळावरचं विरजण

जलअभियंता शलाकाताई बोकील यांनी पाण्याच्या टाकीतून दह्याचा घट्ट झाकणाचा डबा वर काढला आणि त्यांची मान ताठ झाली. सौरवादळाने मंगळावरच्या वस्तीतली सगळी विरजणं मारली होती. पाणी किरणं अडवतं, म्हणून पाण्याआड ठेवलेलं त्यांचं तेवढं जगलं.

तेवढ्यात रणजीतराव आले. वस्तीतली निम्मी डिजिटल नाणी एकट्या त्यांची.

"ताई, डबा मला द्या. म्हणाल तेवढी नाणी देतो."

"मी काय करू त्यांचं?"

"विका की! तेवढ्या पैशांत पृथ्वीवर दोन कारखाने विकत येतील."

"आपण मंगळावर आहोत. आधी तुम्ही विकून दाखवा."

रणजीतरावांनी तिथल्या तिथे मनगटावरच्या पडद्यावर थोडी नाणी विकायला काढली. सगळ्यात मोठा मालकच विकतोय म्हटल्यावर वस्तीत घबराट उडाली. जो तो विकायला धावला, घ्यायला कुणीच उरेना. बघता बघता भाव मातीमोल झाला.

"आमच्या साताऱ्यात विरजण विकत नाहीत," शलाकाताई म्हणाल्या. "शेजारी वाटी घेऊन येतात, चमचाभर नेतात. दिलं म्हणून आमचं कधी कमी झालं नाही."

रणजीतराव आयुष्यात कुणाच्या दारी वाटी घेऊन गेले नव्हते. त्या संध्याकाळी गेले.

दुसऱ्या दिवशी, दही घट्ट लागल्यावर, ते छाती फुगवून दारोदार सांगत होते, "विरजण हवं तर माझ्याकडे या. वाटी तेवढी आणा. विकत नाही हं मी!"