बेकारी निम्म्यावर

"यंदा पिंपरीची बेकारी मी निम्म्यावर आणली!" सन छप्पनच्या उन्हाळ्यात नोकरी नोंदणी कचेरीतले नगरकर कारकून शिपायाला सांगत होते.

तेवढ्यात चिखलीहून चालत आलेल्या गेनबानं नोंदणीचं कार्ड पुढं केलं. "रावसाहेब, एवढा शिक्का मारा. नव्या कारखान्यात भरती हाय म्हनत्यात."

"शिक्क्याची मुदत काल संपली. तुझं नाव यादीतून कटलं."

"काल आलतो की! कचेरीला कुलूप. शेजारचा चहावाला म्हनला, बेकारी कमी झाली म्हनून नगरकर सायबांचा सत्कार हाय."

"ते खरंय. पण यादीत नाव नाही, म्हणजे तू आता बेकार नाहीस."

"आँ? मंग मला काम लागलं व्हय? कुठं?"

"ते मला काय ठाऊक? आमच्या लेखी लागलं. नवी नोंद पुढच्या महिन्यात."

गेनबानं कार्ड खिशात घातलं आणि आला तसा चालत परत गेला.

दुपारी कारखान्याचं पत्र आलं. यादीतली चाळीस माणसं हवी होती. यादीत एकतीसच उरली होती. नगरकरांनी एकतीस पाठवली आणि उरलेल्या नऊ जागांपुढं लिहिलं, 'या भागात बेकार माणूस मिळत नाही.'