माक्याचं तेल

"मावशी, शंभर मिलीच्या वर तेल नेता येत नाही. फेकावं लागेल," विमानतळाच्या तपासणीवरची पोरगी म्हणाली.

"घरी कढवलेलं माक्याचं तेल फेकू?" हिराक्कांचा पारा चढला. पुढे सोळा तास विमानातली कोरडी हवा होती. त्यांनी बाकावर बसकण मारून अंबाडा सोडला, टाळूवर थबथबीत तेल थापलं, मग नवऱ्याचं टक्कल पुढ्यात ओढलं.

"अगं, केस कुठायत?"

"कातडी आहे ना!"

अर्धी बाटली जिरवून त्या परतल्या. "घे, शंभरच उरलंय."

"पण बाटली दोनशेची आहे, मावशी. तीच चालत नाही."

हिराक्कांनी पोरीचे राठ केस न्याहाळले. "बस खाली."

मागची रांग ताटकळली. बाटली रिकामी झाली, तरी पोरीचे डोळे मिटलेलेच.

"मावशी," ती पुटपुटली, "पुढच्या खेपेला पाचशेची आणा."