पुसट लेक

धाकट्या लेकीने मला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा आणून दिला, त्यावर पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स. म्हणाली, "आई, यात फोकस हातानेच करावा लागतो हं. झेपेल ना या वयात?"

"बस त्या खिडकीपाशी," मी म्हटलं. "तुझ्या जन्माआधीपासून स्टुडिओ चालवलाय मी."

पन्नासची लेन्स म्हणजे माझी जुनी मैत्रीण. डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवते, उगीच मीठमसाला लावत नाही.

व्ह्यूफाइंडरच्या मधल्या चौकोनात लेक दोनदा दिसली, एक ठळक आणि एक पुसट. या कॅमेऱ्यात तसंच दिसतं. रिंग फिरवून पुसट प्रतिमा ठळक प्रतिमेवर बसवली की फोकस जुळला.

लेकीच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. पुसट लेकीचे ओठ मात्र मिटलेले होते.

"हलू नकोस गं."

"हलतेय कुठे? तोंड तेवढं चालू आहे, ते काय आजचं आहे का?"

पुसट लेक माझ्याकडे रोखून पाहत होती. पण माझ्या वयावर बोट ठेवलं गेलं होतं. केसाचंही अंतर न ठेवता मी दोघींना जुळवलं आणि बटण दाबलं. पापणीन् पापणी मोजून घ्यावी असा फोटो आला. माझा ऊर भरून आला.

"बघ, झेपलं की नाही?"

ती काहीच बोलली नाही.

मी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला आणि रिंग उलटी फिरवली. खिडकीचे गज दोन-दोन झाले. खुर्चीची पाठ दोन झाली. मध्ये लेक एकच होती, ओठ मिटून बसलेली.