देवळालीतली मोज्यांची हवा

"हा चौथा जोड," वाल्मिक ओट्यावरून म्हणाला. "पंधरा दिसांत चार. मोजे घालतीस का खातीस?"

त्याची लेक मोनिका आतल्या खोलीतून तयार होऊनच बाहेर आली होती. पोटरीपर्यंत ओढलेले पोपटी मोजे, त्यावर तपकिरी पट्ट्यांची सँडल आणि हातात कॉलेजची पिशवी. "फॅशन हाय, आबा," म्हणाली, हसली आणि राहुरीची काळीपिवळी जीप गाठायला पटापटा निघून गेली.

देवळाली प्रवरेत उन्हाळ्यातले मोजे म्हणजे गाडीवरून जाणाऱ्या बायकांचे. अंगठा वेगळा, रंग कातडीचा, म्हणजे ऊनही लागायचं नाही आणि मोजे घातलेत हे कळायचंही नाही. ही पोरगी मात्र दिसावेत म्हणून मोजे घालत होती. पहिल्या आठवड्यात गल्ली फिदीफिदी हसली. दुसऱ्या आठवड्यात तिची मैत्रीण रेश्मा लालभडक मोजे घालून आली. तिसऱ्या आठवड्यात हसणाऱ्या पोरीच दुकानात रांग लावून उभ्या होत्या.

वाल्मिकला हे सगळं बघायला वेळच वेळ होता. होळीच्या आधी नगरला त्याच्या मानेतली गाठ काढली होती. गाठ चांगली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. स्वच्छ निघालं तर सुटलात. नाहीतर पुढचं अवघड आहे." तेव्हापासून कारखान्यातून रजा आणि मुक्काम ओट्यावर.

दवाखान्यातून आल्या आल्या त्यानं घरात कायदे केले होते. डोळे पुसत जवळ बसायचं नाही. पाहुण्यांनी शहाळी घेऊन तोंड पाडून यायचं नाही. उपास-नवस करायचे नाहीत. "माझ्यापायी कुनी जीव जाळलेला मला कळला, तर गोळ्या गटारीत," असा दमच त्यानं भरला. बायको, पुष्पावती, तेव्हापासून मोरीत जाऊन रडायची.

मोनिका मात्र एकदाही रडली नाही. उलट आठवड्याच्या आत मोजे घालून मिरवायला लागली. बाप अंथरुणावर आणि लेकीला नखरे सुचतात, असं भावकी बोलली. खोटं कशाला बोला, वाल्मिकलाही ते लागलं. हिला आपलं काहीच वाटत नाही का, या विचारानं तो दोन-तीन दिवस धड जेवलाही नाही.

पण पुढं पुढं त्याचा राग गेला आणि नवल तेवढं उरलं.

कारण पोरीची चालही न्यारी झाली होती. भिंतीच्या कडेकडेनं यायचं आणि रस्ता ओलांडताना चवड्यांवर, भराभरा, नाचल्यासारखं जायचं. ती घरात कधी आली ते कळतही नसे, इतकं हलकं पाऊल. रेश्मानं त्या चालीचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. मग काय विचारता! देवळालीतल्या पोरी, बेलापुरातल्या पोरी, लोणीच्या कॉलेजातल्या पोरी, सगळ्या रंगीत मोजे घालून चवड्यांवर रस्ता ओलांडायला लागल्या. लग्नात करवल्या लेहंग्याखाली पिवळे मोजे घालून उभ्या राहिल्या. सत्तरीची बायडाबाई नऊवारीखाली जांभळे मोजे घालून दळण आणायला निघाली, तेव्हा तर वाल्मिक ओट्यावर उठून उभाच राहिला.

"कसं वाटतंय, आजी?" त्यानं विचारलं.

"पाय शिजत्यात मेले," बायडाबाई म्हणाली. "पन दिसत्यात झ्याक!"

जनरल स्टोअरवाला भिमाजी तर मुद्दाम पेढे घेऊन आला. "वाल्मिकभाऊ, बावीस वर्सं दुकान करतोय. मे महिन्यात मोजे संपले म्हनून नगरला पळालो, असं कधी झालं न्हाई. तुमच्या पोरीच्या पायात लक्ष्मी हाय."

वाल्मिक नुसता हसला. पण संध्याकाळी पोरींचा घोळका रंग उधळत गल्लीतून जायला लागला की त्याचा ऊर भरून यायचा. ज्या गावात त्याच्या बापाला चार माणसं ओळखत नव्हती, त्या गावाला त्याच्या लेकीनं पायापासून रंगवून काढलं होतं. आपण उरलो नाही तरी ही पोरगी कुणाला हार जायची नाही, असं त्याला वाटायचं, आणि त्या वाटण्याचा मोठा आधार व्हायचा.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी तिघं नगरला गेली. तपासण्या झाल्या. दोन तास बाकड्यावर काढले. मग डॉक्टरांनी आत बोलावलं, कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"स्वच्छ आहे, वाल्मिकराव. काहीही उरलेलं नाही."

पुष्पावतीनं हात जोडले. आणि मोनिका, जी दोन महिन्यांत एकदाही रडली नव्हती, ती खुर्चीत मटकन बसली आणि ओंजळीत तोंड धरून लहान मुलीसारखी हुंदके द्यायला लागली. मग वाल्मिकचेही डोळे भरले. स्वतःचा कायदा त्यानं स्वतःच मोडला.

बाहेर कडुनिंबाखाली आल्यावर त्यानं नाक पुसलं. "बोल, काय पायजे? आज मागशील ते. मोज्यांचे धा जोड घेऊ, सगळ्या रंगांचे."

"मोजे नको, आबा," मोनिका म्हणाली. "चप्पल घ्या. आता घालायला मोकळी हाय मी."

"आन् ही पायात हाय ती?"

"चिडनार न्हाई ना?"

"आज कोन चिडतंय, येडे?"

तिनं त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि उजवा पाय मागं दुमडून वर केला. वाल्मिक वाकून बघायला गेला. वरून पट्टे होते, बक्कल होतं, पोपटी मोजा होता. खालून सँडलचा तळ आणि मोज्याचा तळ, दोन्ही कडेकडेनं कापून काढलेले होते. मधे होतं नुसतं पाऊल, फोड येऊन, भाजून, काळं पडलेलं.