गव्यासाठी गाडी

गव्याला हा डोंगर पसंत पडणार, याबद्दल सरपंच विजयसिंहांच्या मनात शंका नव्हती. प्रश्न फक्त वनखात्याच्या रोहिणी मॅडमचा होता. गवे इथे पुन्हा आणून सोडायला जागा योग्य आहे की नाही, हे त्या ठरवणार होत्या. सरपंचांचं पाटोदा रस्त्यावरचं हॉटेल त्यावरच अवलंबून होतं. ते अजून बांधलेलं नव्हतं, पण नाव ठरलं होतं : 'गवा गार्डन, शुद्ध शाकाहारी'.

मॅडम सकाळपासून गवत उपटून बघत होत्या. पाणवठा काठोकाठ भरलेला होता. सरपंचांनी तो कालच टँकरनं भरून घेतला होता आणि गावातल्या म्हाताऱ्यांना तिकडे घागर न्यायची बंदी केली होती.

माणसांचा त्रास कितपत, असं मॅडमनी विचारलं. सरपंच खुलले. त्रास कसला, दसरा झाला की सगळं गाव ऊस तोडायला कारखान्यावर जातं, सहा महिने इथं चिटपाखरू नसतं, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

आता फक्त गावातल्या कुणाचा तरी होकार हवा होता. त्यासाठी बाभळीखाली रुक्मिणीबाईंना आणून बसवलं होतं. म्हातारी दिवाळीपासून कुणाशी फारसं बोलत नव्हती, म्हणून तीच बरी. 'येऊ द्या' एवढंच म्हणायचं, हे तिला समजावून झालं होतं.

मॅडमनी ओळख म्हणून विचारलं, आजी, नातवंडं किती?

"झालतं एक," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

सरपंचांनी लगेच चहाचा विषय काढला. मग गवे आणायचे कसे, हा.

इथे सरपंच तयारीचे. ते ऊसतोड टोळीचे मुकादमही होते. दर दसऱ्याला त्यांच्या ट्रकमध्ये कोयते, भांडी, शेळ्या, पोरं चढत आणि उरलेल्या जागेत माणसं बसत. यंदा जागा उरलीच नाही. रुक्मिणीबाईंची सून वर्षाराणी, या खेपेला मागं राहते, म्हणत होती. तिला नववा लागला होता. पण कोयता जोडीनं चालतो, एकटा नवरा काय तोडणार? सरपंचांनी स्वतः हात देऊन तिला ज्वारीच्या पोत्यांवर चढवलं. वर हवा लागते, म्हणाले होते.

"गाडीचं माझ्याकडं लागलं, मॅडम. लई सांभाळून आणतो."

मॅडम हसल्या. ट्रक चालणार नाही, म्हणाल्या. एका पिंजऱ्यात एकच जनावर, खाली गवताची गादी, वाटेत थांबून पाणी, सोबत डॉक्टर.

"आणि गाभण मादी तर गाडीत चढवायचीच नाही. धक्क्यांनी पिल्लू दगावतं. सक्त नियम आहे."

सरपंचांनी मान फिरवली. पाणवठ्याकडे बघावं, तर तो भरलेला. शेवटी ते आपल्याच चपलांकडे बघत राहिले. म्हातारीनं आता चार शिव्या घातल्या तर बरं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

मॅडम तिच्याकडे वळल्या. मग आजी, येऊ द्यायचे ना गवे?

रुक्मिणीबाई पदर सावरून उठल्या.

"येऊ द्या की. त्यांचं लई चांगलं हाय." त्या दोन पावलं जाऊन वळल्या. "फकस्त एक सांगा, बाई. ह्यो नियम दसऱ्याच्या आदी निघाला, का नंतर?"