शिरूरची म्हैस

"प्लेटांमुळं आटली ती म्हैस कुणाच्या घरची हो?" हॉटेलच्या बाकड्यावर बूड टेकायच्या आधीच किशनरावांनी विचारलं.

चहा गाळणाऱ्या नागप्पानं किटली खाली ठेवली. हॉटेल त्याचंच. त्यानं पाव्हण्याला नीट न्याहाळलं. "कुठली म्हैस?"

"तुमच्याच गावची की. घरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या आन त्यांच्या झळीनं म्हैस आटली. शिरूर अनंतपाळची म्हैस. आमच्याकडं पोरासोरांच्याबी मोबाईलवर हाय."

ती म्हैस डोळ्यांनी बघायला किशनराव पहाटे भिंगरीची धार काढून निघाले होते. लातूरला एसटी बदलून, घाम पुसत पुसत इथवर आले होते. भिंगरी म्हणजे त्यांची स्वतःची म्हैस. ती त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला दूध देत नाही, ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आणि घरात बायकोनं, कस्तुराबाईंनी, प्लेटांचा हट्ट धरला होता. त्यांचं शेवयांचं मशीन होतं. ऐन हंगामात दिवसाढवळ्या लाईट जायची, मशीन गप्प व्हायचं आणि बायका पिठाचे डबे उचलून दुसऱ्या गल्लीचा रस्ता धरायच्या. बाईनं प्लेटा आणि बॅटरी ठरवूनही टाकली. बसवणारी माणसं उद्या येणार होती.

किशनरावांनी घर डोक्यावर घेतलं. कस्तुराबाईंनी समजावून पाहिलं. बहिणीच्या घरावर कधीच्या प्लेटा आहेत, खाली दावणीला म्हशी आहेत, एक थेंब दूध कमी झालेलं नाही. पण ऐकतील तर ते किशनराव कसले.

"तुझ्या एकटीच्या शब्दाला काय करू? सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय ते खोटं असंल का?"

शेवटी कस्तुराबाईंनीच तोड काढली. "जावा शिरूरला. ती म्हैस दिसली तर उद्याच्या माणसांना मी स्वतः परत लावून देते."

म्हणून आता किशनराव नागप्पाच्या तोंडाकडं बघत बसले होते.

"पाव्हणं, तुम्हाला कुणीतरी उलटं सांगितलं," नागप्पा म्हणाला. "आमच्या गावात लई घरांवर प्लेटा हायेत. एकबी म्हैस आटली न्हाई. झालं ते मुरुडला."

"मुरुडला?"

"हाव. लई वाईट झालं. त्या माणसाचा जीव होता म्हणं म्हशीवर. बायकोनं ऐकलं न्हाई, बसवल्या प्लेटा. म्हैस आटली. मग त्यानं हाय खाल्ली आन गेला बिचारा."

किशनरावांचा चहा बशीतच राहिला. "नाव काय त्याचं?"

"किशनराव."

हाय खाल्ली हे शब्द किशनरावांच्या ओळखीचे होते. ओळखीचे कसले, त्यांचेच होते. गेल्या महिन्यात उदगीरला सोयऱ्याच्या लग्नात, पंगतीला बसून, बुंदीचा घास हातात धरून ते चार लोकांत बोलले होते की बायको प्लेटा बसवायचं म्हणती, भिंगरी आटली तर मी हाय खाऊन मरंन. बोललेलं तेवढंच. पण उदगीरहून शिरूरला येईपर्यंत प्लेटा बसल्या, म्हैस आटली आणि माणूसही गेला. किशनरावांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग खरं सांगायचं तर हसू फुटलं.

"अहो, मीच तो किशनराव. मुरुडचा. प्लेटा अजून बसल्याच न्हाईत. म्हशीची धार काढूनच आलो की सकाळी."

नागप्पा हसला नाही. त्यानं मोबाईल काढून समोर धरला. त्यात हार घातलेला एक फोटो होता. माणूस कुणीतरी अनोळखी, झुपकेदार मिशांचा. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि किशनरावांचं नाव. नागप्पानं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा किशनरावांच्या सफाचट तोंडाकडं.

"मग तुम्हाला मिशा कुठं हायेत?"

"मला नव्हत्याच कधी."

"तुमच्या एकट्याच्या शब्दाला काय करू, पाव्हणं? सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय ते खोटं असंल का?"

हे शब्द कुणाचे ते किशनरावांना आठवायची गरज पडली नाही. हॉटेलातली बाकीची गिऱ्हाइकं माना वळवून बघायला लागली होती. आपण जिवंत आहोत हे माणसानं पटवायचं तरी कसं? त्यांनी खिशातून फोन काढला, कस्तुराबाईंना लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडं बायकांचा कलकलाट होता, मशीनचा आवाज मात्र नव्हता. लाईट गेलेली दिसत होती.

"अगं, इथं शिरूरमधी मी मेलोय. प्लेटांमुळं. भिंगरीबी आटलीया. या नागप्पाला सांग बरं, मी जिता हाय म्हणून. माझ्या शब्दाला इथं कुणी विचारीना. आता तुझाच शब्द."

पलीकडचा कलकलाट थांबला. कस्तुराबाईंनी अजिबात घाई केली नाही.

"आधी तुम्ही सांगा. उद्या प्लेटा बसणार का?"

किशनरावांनी एकदा मिशांच्या फोटोकडं पाहिलं. "बसतील."

"मग हायेत जिते," कस्तुराबाई नागप्पाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आन त्यांना पुढच्याच एसटीत बसवा, दादा. सांजच्या धारेला ते न्हाई आले तर भिंगरी दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई."